वेताळ टेकडीवरून दिसणारा थर

प्रश्न : डिसेंबरात सकाळी वेताळ टेकडीवरून पाहिलं की पुण्यावर तपकिरी थर पसरलेला दिसतो. चौकातल्या फलकावर मात्र हवा ‘समाधानकारक’! लेसर सोडून लांबूनच प्रदूषण मोजतात, असं वाचलं. पण हवेचा नमुनाच घेतला नाही, तर मोजणार काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मोजायचा तो परत आलेला प्रकाश. कवडशात धूळ दिसते, कारण प्रत्येक कण थोडा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतो. लेसरने लांबून मोजणारं तुम्ही वाचलेलं यंत्र म्हणजे लायडार. त्यात कवडसा लेसरचा आणि डोळ्याच्या जागी दुर्बीण. झोत क्षणभरच सोडला, तर परतायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. 10 मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रकाश 1500 मीटरवरच्या कणांनी धाडलेला असतो.

भौतिकशास्त्र शिकवताना मी पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं उदाहरण आवर्जून द्यायचो. तिथे 1986 पासून आर्गॉन लेसरने पुण्याच्या हवेतले कण मोजू लागले. तो झोत अखंड. त्यामुळे वेळ मोजून उंची काढता येत नाही. म्हणून लेसरपासून 60 मीटरवर दुर्बीण. झोत सरळ वर आहे असं धरा. दुर्बीण 80 अंशांत उचलली, की ती झोताला सुमारे 340 मीटर उंचीवर गाठते. कोन बदलत जायचं, वरवरचे थर वाचत जायचं. दहावीच्या त्रिकोणमितीचा इतका देखणा उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

तुम्हाला दिसतो तो थर लायडार नेमका पकडतो. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. ऊन तापलं की तो वर उचलला जाऊन विरळ होतो.

वायूंसाठी जवळजवळच्या दोन तरंगलांबी वापरतात : एक तो वायू भरपूर शोषतो, दुसरी कमी. परतलेल्या प्रकाशातल्या फरकावरून वायूचं प्रमाण कळतं. चिमणीतला सल्फर डायऑक्साइड असा दुरून मोजता येतो.

मात्र दमट हवेत कण फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात; दाट ढगापलीकडचं तर काहीच कळत नाही. त्यामुळे जमिनीवरची यंत्रं लागतातच. फलकावरचा निर्देशांक सूक्ष्मकणांसाठी 24 तासांच्या सरासरीवर काढतात, त्यात सकाळचा कोंडलेला धूर बुडून जातो. फिरायला निघण्यापूर्वी त्या तासाचा पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा पाहा. घरात दमेकरी असेल, तर थंडीत उन्हं वर आल्यावरच बाहेर पडा.