गाडी सारखी गोल फिरते, यात मजा कुठेय?

प्रश्न : दादा नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय २३, लहानपणापासून गाड्यांच्या गेम्सचा नाद आहे, नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड तर किती वेळा संपवला त्याची मोजदादच नाही. मागच्या महिन्यात सेल लागला तेव्हा मित्राच्या सांगण्यावरून असेटो कोर्सा घेतला, गाडी अगदी खऱ्यासारखी वागते तो गेम, जादा गाड्या-ट्रॅकच्या सगळ्या पॅकसकट. म्हणाला, एकदा हा खेळलास की बाकीचं सगळं पोरखेळ वाटेल. तीन आठवडे झाले, रोज रात्री तासभर बसतो, फेरारी घेतो, नॉर्डश्लाइफचा ट्रॅक लावतो आणि तिसऱ्या चौथ्या वळणाला गाडी गोल फिरते नाहीतर कठड्यात जाते. अजून एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, पूर्ण नाही झाला. कीबोर्डवर खेळतो, गेमचं स्टिअरिंग व्हील सध्या परवडत नाही. खरं सांगा, लोकांना यात खरोखर मजा येते का, की अवघड आहे म्हणून भारी म्हणायची पद्धत आहे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्रा, येते. मला येते, आणि नुसतं म्हणायचं म्हणून येत नाही, रात्री जेवण झाल्यावर दोन लॅप मारू म्हणून बसतो आणि बाराला उठतो इतकी येते. पण तू जसा खेळतोयस तसं मी खेळलो असतो तर मीही तिसऱ्या दिवशी गेम काढून टाकला असता. तू तीन आठवडे टिकलास हेच मला विशेष वाटलं.

आधी नॉर्डश्लाइफचं बघू. तो ट्रॅक १९२७ सालचा, जर्मनीतल्या डोंगरात, जंगलातून गेलेला, एका लॅपला २०.८ किलोमीटर. जॅकी स्टुअर्टसारखा तीन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन त्याला हिरवा नरक म्हणाला होता. तिथे एका वळणावर चुकलास की ते वळण परत यायला वीस किलोमीटर थांबायचं, म्हणजे चूक सुधारायची संधीच मिळत नाही, आणि तू तर तिथपर्यंत पोचतच नाहीयेस. वर फेरारी. पोहायला शिकणाऱ्याला पंचगंगेच्या पुरात सोडल्यासारखं आहे हे.

आता गाडी गोल का फिरते ते समजून घे, कारण माझ्या मते मजेची सगळी चावी इथेच आहे. टायरकडे पकड ठरलेली असते, खिशात शंभर रुपये असल्यासारखी. शंभरच्या शंभर ब्रेकवर उडवलेस तर वळायला काही उरत नाही, गाडी सरळ जाते. वळणात अर्धे वळण्यावर खर्च झाले असतील आणि घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडलास तर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. तुझी गाडी बहुतेक वेळा अशीच फिरत असणार. मोस्ट वाँटेडमध्ये हा हिशोबच नाही, तिथे गेम तुला सांभाळून घेतो, आणि ते वाईट नाही हां, तो गेम मलाही आवडतो, त्याची मजा पोलिसांना चकवण्यात आहे. इथली मजा त्या शंभर रुपयांच्या हिशोबात आहे.

आणि कीबोर्डवर तो हिशोब करताच येत नाही. बाण दाबला की पूर्ण, सोडला की शून्य. गेम मधे थोडी मलमपट्टी करतो पण तीस टक्के ब्रेक, चाळीस टक्के ब्रेक असं बोटाने देता येत नाही ते नाहीच. म्हणून सांगतो, व्हील नको घेऊस, पण एक साधा गेमपॅड, म्हणजे दोन हातांत धरायचा कंट्रोलर, घे किंवा मित्राचा महिनाभर माग. त्याची स्टिक आणि मागचा ट्रिगर थोडा, अर्धा, पूर्ण असा हवा तेवढा दाबता येतो, तेवढ्याने निम्मा राग जाईल तुझा. सेटिंगमध्ये एबीएस (ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ देत नाही) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चाकं जागीच फिरू देत नाही) चालू कर, त्यात लाज काय, आणि निघाल्या निघाल्या पहिल्या लॅपला जोर नको लावू, टायर थंड असतात.

मग ब्रँड्स हॅच लाव. इंग्लंडमधला ट्रॅक, केंट परगण्यात, त्याचा छोटा भाग इंडी म्हणतात तो, दोन किलोमीटरच्याही आतला. गाडी घे माझदाची एमएक्स-५ किंवा टोयोटा जीटी ८६. पॉवर कमी, वजन कमी, आणि गाडी सुटायला लागली की आधी सांगते, मग सुटते. फेरारी सांगते तोवर वेळ गेलेली असते.

त्या ट्रॅकचं पहिलंच वळण पॅडॉक हिल. उजवीकडचं वळण, पण चढाच्या टोकावर, म्हणजे ब्रेक मारताना पुढचा रस्ता दिसतच नाही, नुसतं आभाळ. वळायला सुरुवात केली की जमीन खाली जाते, गाडी हलकी होते, स्टिअरिंग हातात एकदम सैल पडल्यासारखं वाटतं (व्हील असेल तर, पॅडवर नुसतं टायरच्या आवाजावरून कळतं), आणि तिथे घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गेलीच. पण धीर धरून पाय तसाच ठेवलास तर खाली खोलगटात गाडी दाबली जाते, टायरना एकदम पकड येते आणि तीच गाडी तुला बाहेरच्या कडेपर्यंत नेऊन सरळ करते, आणि समोर चढ, वर ड्रुइड्सचं यू टर्नसारखं वळण. मला हे एक वळण नीट जमायला चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या संध्याकाळी पहिल्यांदा गाडी अगदी बाहेरच्या पट्टीला घासून, न घसरता, वळणात ब्रेक न लावता निघाली, मी एकटाच खोलीत होतो आणि तोंडातून "आहाहा" निघालं. रेस नव्हती, समोर कुणी नव्हतं, बक्षीस नव्हतं. ही मजा तू विचारतोयस.

तबला शिकणाऱ्याला विचार, एकच कायदा (बोलांची ठरलेली रचना) महिनाभर घोटतात, बाहेरच्याला वाटतं काय हे तेच तेच, आणि वाजवणाऱ्याला रोज त्यात काहीतरी नवीन लागतं. लॅपचं तसंच आहे. तोच रस्ता, तीच गाडी, आणि काल जिथे शंभर मीटरच्या पाटीला ब्रेक मारला तिथे आज नव्वदला. घड्याळात सेकंदाचे दोन दशांश कमी. हे दोन दशांश बाहेर कुणाला सांगून कळणार नाहीत पण तुला कळतात.

ज्यांना वाटतं की खरेपणा म्हणजे कंटाळा त्यांनी १९९७ चा पहिला ग्रॅन टुरिस्मो आठवावा. त्यात मोठ्या रेसला उतरण्याआधी लायसन्सची परीक्षा द्यायची, गाडी पळव आणि आखलेल्या चौकटीत थांबव, बस एवढंच, आणि तरी तो गेम जगात एक कोटीच्या वर खपला. कारण त्याने लोकांना पायरीपायरीने शिकवलं. उलट १९९८ चा ग्रँड प्रिक्स लेजंड्स, १९६७ च्या फॉर्म्युला वन सीझनच्या गाड्या, तेवढाच खरा किंबहुना जास्त, पण त्यातल्या राक्षसी गाड्या नवख्याला आवरणं महाकठीण. खप फार झाला नाही. आज जाणकार त्याचं नाव आदराने घेतात ते वेगळं. तुझ्या मित्राने तुला दुसऱ्या पद्धतीने आत ढकललं असं माझं म्हणणं आहे.

सगळंच गोड आहे असं मी सांगणार नाही. स्प्रिंग आणि टायर प्रेशरच्या सेटअपच्या पानांवर तासन् तास घालवणं मला कधीच रुचलं नाही, नवख्याला त्याची गरजही नाही. ऑनलाइन रेसमध्ये पहिल्याच वळणाला मागून कुणीतरी येऊन ठोकतो आणि तुझी अख्खी संध्याकाळ जाते, त्याचा राग खरा आहे. आयरेसिंग या ऑनलाइन रेसच्या गेममध्ये शिस्त जास्त, पण तिथे वर्गणी भरायची आणि वर बऱ्याच गाड्या ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे, तुझ्यासाठी आत्ता नको.

एक महिना दे. एक गाडी, एक ट्रॅक. तरी मन लागलं नाही तर सरळ मोस्ट वाँटेडकडे परत जा आणि मित्राला सांग की मला तेच आवडतं. आणि हो, तू कोल्हापूरचा आहेस, तुमच्याकडे मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या रेस झाल्यात तिथे. पैसे साठले की एकदा कार्टमध्ये बसून ये, वजन पुढे जातं म्हणजे काय ते पाठीला आणि मानेला कळेल, मग घरी येऊन परत पॅडॉक हिल लाव.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, त्याला गेमसाठी स्टिअरिंग व्हील हवंय. म्हणतो यातून ड्रायव्हिंग येतं, आणि गेम खेळून एक जण खरा रेसर झालाय. खरं आहे का? घेऊन द्यावं का?
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, दुसरी गोष्ट खरी आहे. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये ग्रॅन टुरिस्मो या गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ ला फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या रेसमध्ये त्याच्या टीमने आपल्या गटात तिसरा नंबर काढला. पण मधे त्याला खऱ्या गाडीत बसवून भरपूर ट्रेनिंग दिलं होतं, तेही मुलाला सांगा. पहिली गोष्ट अर्धी खरी. ब्रेक आणि वळण यांची जाण येते, घोडबंदर रोडवर डावीकडून घुसणारी बाईक ओळखायला गेम शिकवत नाही, आणि कारचं लायसन्स अठरानंतरच.

दहावीचं वर्ष संपू द्या, मग सेकंडहँड बघा. घेताना लावून बघा, स्टिअरिंग मधोमध ठेवून हलकं हलवा, खडखड जास्त वाटली तर नको, आणि ब्रेकचं पेडल हळू दाबून स्क्रीनवरची रेघ सलग वर जाते का ते बघा, उड्या मारत असेल तर पेडल गेलेलं आहे. आणि घरी टेबल जड हवं, प्लास्टिकच्या टेबलावर ते व्हील टेबलासकट हलतं.