आधी फाइली सोडवा, मग विंडोज

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या कार्यालयात पाच कॉम्प्युटर, सगळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुकानदार पाचही नवे घ्या म्हणतोय. त्याऐवजी लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवर, जावं का? गेलं तर मराठी टायपिंग, कृतिदेव या जुन्या फॉण्टमधल्या फाइली आणि प्रिंटर यांचं काय?

जावं. पण 'फुकट मिळतं म्हणून' हे त्यातलं सगळ्यात लंगडं कारण आहे. 'जुनं मशीन चालतं म्हणून' हे त्याहून बरं: विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमची मशीनं तिथेच अडतात, आणि लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार त्यांच्यावर नीट चालेल. सगळ्यात भक्कम कारण मात्र तुमच्याच प्रश्नात आहे, ते म्हणजे कृतिदेवमधल्या फाइली.

एखादी जुनी फाइल उघडा, त्यातला 'मराठी' हा शब्द निवडा आणि फॉण्ट बदलून एरियल करा. इंग्रजीतली ई, जे, के, कॅपिटल बी आणि छोटा एच ही पाच अक्षरं उरतील. फाइलमध्ये साठवलेलं आहे ते एवढंच. ई च्या जागी 'म' चं चित्र, जे च्या जागी 'र' चं चित्र अशी सोय त्या फॉण्टमध्ये केलेली आहे. श्रीलिपीचे जुने फॉण्ट, आयएसएमचे फॉण्ट, शिवाजी, प्रत्येकाची चित्रांची मांडणी वेगळी. म्हणून त्या फाइलीत नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही, मोबाइलवर पाठवली तर कचरा दिसतो. एका फॉण्टच्या आणि एका प्रोग्रॅमच्या भरवशावर दाखले, ठराव, इतिवृत्तं ठेवली की असं होतं. मराठीत काम करणाऱ्यांनी हा फटका जितका खाल्लाय तितका इंग्रजीवाल्यांनी खाल्लेला नाही, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरचं महत्त्व आपल्याला आधी कळायला हवं.

मुक्त म्हणजे चार मोकळिकी: प्रोग्रॅम कशाहीसाठी वापरायची, तो आतून कसा चालतो ते पाहून बदलायची, त्याची प्रत दुसऱ्याला द्यायची, आणि सुधारलेली प्रतही द्यायची. शाळेला यातली तिसरी थेट उपयोगाची आहे. पाच मशीनवर टाकलेलंच मुलांच्या घरी, शिक्षकांच्या लॅपटॉपवर उजळ माथ्याने देता येतं. क्रॅक केलेलं ऑफिस आणि ॲक्टिव्हेटर (परवान्याला चकवणारा प्रोग्रॅम) यांची बऱ्याच कार्यालयांना सवय झालेली असते. तो ॲक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि मुलांची माहिती त्याच मशीनवर असते, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

आता क्रम. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी विंडोज पुसतात, आठवड्याने काहीतरी अडतं आणि लिनक्स वाईट ठरतं. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ पासून आधी विंडोजवरच ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि त्यानंतर २००८ पासून उबुंटूकडे वळले. माणसांचे हात आधीच नव्या प्रोग्रॅमवर बसलेले होते, त्यामुळे शेवटी फक्त खालची जमीन बदलली. तुम्हीही हाच क्रम ठेवा. पाचही मशीनवर आजच विंडोजमध्येच लिबरऑफिस (मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी चालणारं मुक्त ऑफिस) आणि फायरफॉक्स टाका आणि किमान महिनाभर त्यावरच काम करा. विंडोज १० ला घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते आणि डोमेनला (संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरला) जोडलेल्या मशीनला ते लागू नाहीत. त्यांच्या भरवशावर रेंगाळू नका.

लिबरऑफिसमध्ये मराठीवाले हटकून एका जागी अडतात. तिथे प्रत्येक मजकुराला दोन फॉण्ट असतात, एक पाश्चात्त्य लिपीसाठी आणि एक 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'साठी. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्यातली मराठी दुसऱ्यात येते, कृतिदेव मात्र पहिल्यात, कारण लिबरऑफिसच्या दृष्टीने ते इंग्रजीच आहे. शैलीत पाश्चात्त्य बाजूचा आकार बदलला आणि मराठी अक्षरं होती तेवढीच राहिली, तर कारण हेच. टूल्स, ऑप्शन्स, भाषेच्या विभागात जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करा आणि त्याची मूळ भाषा मराठी ठेवा. मग फॉरमॅट, कॅरॅक्टरमध्ये दोन्ही फॉण्ट वेगवेगळे दिसतात.

फॉण्ट पाचही मशीनवर एकच ठेवा. विंडोजचे मंगल आणि निर्मला लिनक्ससोबत येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरा फॉण्ट लागला की ओळींची उंची बदलते आणि एका पानाचा दाखला दीड पानावर जातो. एक टाइपचा मुक्त किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका हे मोकळ्या परवान्याचे आहेत, छापखान्यालाही फाइलसोबत देता येतात. इंग्रजीसाठी एरियल आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो वापरा. त्यांची अक्षरांची रुंदी मुद्दाम तेवढीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी हलत नाहीत.

फाइली साठवताना आपल्या कामाची मूळ प्रत ओडीटीमध्ये, म्हणजे ओडीएफच्या मजकूर-फाइलीत ठेवा. ओडीएफ हा लिबरऑफिसचा मूळ प्रकार २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाण आहे (क्रमांक २६३००), त्याचं वर्णन कोणालाही वाचता येतं, आणि लिबरऑफिस उद्या बंद पडलं तरी ती फाइल उघडणारं दुसरं काही लिहिता येईल. बाहेर पाठवायचं ते पीडीएफमध्ये, आणि समोरच्याला बदल करायचे असतील तरच डॉकएक्समध्ये. एकच फाइल रोज दोन्ही प्रकारांत फिरवत राहिलात तर तक्ते आणि क्रमांकन हमखास विस्कटतं.

कृतिदेव युनिकोडमध्ये आणणं हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे, आणि ते विंडोज हयात असतानाच करावं. अनोळखी वेबसाइटवर मुलांची नावं आणि जन्मतारखा चिकटवू नका. इंटरनेट तोडूनही चालतो असाच कन्व्हर्टर घ्या. नुसतं 'सगळं निवडा, बदला' केलं तर मध्ये आलेले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्तेही देवनागरी होऊन बसतात. त्यासाठी शोधा-बदलाच्या खिडकीत फॉरमॅटमध्ये कृतिदेव हा फॉण्ट देऊन 'सगळे शोधा' करा, तेवढाच मजकूर निवडला जाईल, त्याला रंग द्या आणि मग रंगीत भागच बदलायला घ्या.

बदलल्यावर तीन जागा डोळ्यांनी तपासा. पहिली ऱ्हस्व इकार: कृतिदेवमध्ये तो अक्षराच्या आधी टाइप होतो, युनिकोडमध्ये नंतर साठवला जातो, त्यामुळे 'स्थिती'सारख्या जोडाक्षरात तो चुकीच्या अक्षराला चिकटू शकतो. दुसरा रफार: 'वर्ग' मध्ये तो तिकडे 'ग' नंतर येतो, इकडे 'ग' च्या आधी हवा. तिसरी जागा मराठीची खास, 'दऱ्या', 'कोऱ्या' मधला अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तावाला ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने टाइप केलेलं 'गोऱ्हे' हे आडनाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही. कार्यालयात पहिली पद्धत ठरवून घ्या आणि बदललेल्या फाइलीत दुसरी शोधून काढून टाका.

टायपिंगची काळजी नको. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट (कळांची मांडणी) वाढवताना भारताखाली मराठी इनस्क्रिप्ट मिळतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. त्यात जे वर र, शिफ्ट-जे वर ऱ आणि डी वर हलन्त आहे, म्हणजे वरची पहिली पद्धत आपोआप पाळली जाते. टायपिंगची परीक्षा दिलेल्यांचे हात रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, बसलेले असतात. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन टाका, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट होऊन परत या आणि मराठी रेमिंग्टन जोडा. त्याच यादीत इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची गमभन पद्धतही आहे. लॉगआउट विसरलात तर नवा लेआउट दिसतो पण टाइप होत नाही, आणि माणूस उगाच तासभर शोधत बसतो.

मशीन बदलण्याआधी त्यात पैसे घालायचे असतील तर पहिला खर्च २४० जीबीच्या साटा एसएसडीचा करा, रॅम नंतर. साध्या हार्डडिस्कवर कोणतीही प्रणाली रडतच चालते. रॅम घेताना मशीन उघडून बघा: सहाव्या-सातव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर३एल घेतात, काही डीडीआर४, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. ४ जीबीवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ जीबी केलीत तर सिनॅमन. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. 'कुठलं लिनक्स चांगलं' या वादात पडू नका. लिनक्सच्या सगळ्या मशीनवर एकच असणं जास्त महत्त्वाचं आहे.

मिंट बसवायची साधारण तीन जीबीची फाइल (तिलाही आयएसओच म्हणतात) मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, फाइल अर्धवट किंवा बदललेली नाही हे कळण्यासाठी तिथे दिलेला एसएचए-२५६ आकडा जुळवा, आणि रूफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरूनच सुरू करून अर्धा दिवस वापरा: वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर, सगळं. तोवर डिस्कला हात लागलेला नसतो. बसवताना एसएसडीच दिसली नाही तर बायॉसमध्ये साटा मोड इंटेल आरएसटीवर असतो, तो एएचसीआय करावा लागतो. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर तो आधी सेफ मोडची तयारी करूनच बदला, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही. दोन्ही ठेवताना विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज खरं बंद होतच नाही आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणं) सुरू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर घ्या. आणि सगळ्याच्या आधी फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर.

प्रिंटर हा खरा अडसर ठरू शकतो. एचपीचे लेझरजेट १०२०, पी१००७, पी१००८ एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरने चालतात, पण त्यांना एचपीचं बंद प्लगइन लागतं. ते न टाकल्यास प्रिंटर यादीत दिसतो आणि कागद मात्र येत नाही. एप्सनच्या इंक टँकवाल्या मशीनना सहसा त्रास नाही. कॅनन एलबीपी २९०० असेल तर जपून: तो कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि नव्या प्रणालीवर बसवताना दमछाक होते. तो विंडोजच्या मशीनलाच जोडलेला राहू द्या.

होय, एक मशीन विंडोजवर ठेवा, आणि त्यात कमीपणा मानू नका. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. मॅक्रो असलेल्या सरकारी एक्सेल फाइली लिबरऑफिसमध्ये भरवशाने चालत नाहीत. डिजिटल सहीच्या डोंगलचे लिनक्स ड्रायव्हर काहींना आहेत, पण पोर्टलचं सही करायचं साधन चालेलच असं नाही. ही कामं त्या एका मशीनवर, बाकी इंटरनेट त्यावर बंद. यूडायस प्लस, सरल ही ब्राउझरमधली कामं लिनक्सवर करता येतात.

स्मरणिका किंवा फलक कार्यालयातच होत असतील तर पानं मांडायच्या स्क्रायबस या मुक्त प्रोग्रॅमची १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटत होती, आणि स्क्रायबसवर मराठी चालत नाही हा समज तिथूनच आलेला आहे. कोरलच्या फाइली इंकस्केप या चित्रांच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये उघडतात, पण मजकूर सरकतो, तेव्हा त्या संदर्भापुरत्याच समजा.

मिंट बसल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (प्रणालीची प्रत घेणारा प्रोग्रॅम) सुरू करा, आठवड्याला एक प्रत घ्यायची आणि शेवटच्या दोन ठेवल्या तरी पुरे. ते प्रणाली मागे नेतं, तुमच्या फाइली नाही. फाइलींची प्रत वेगळीच घ्यायची. प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, इकडून तिकडून डेब फाइली उतरवून दुहेरी क्लिक करायची विंडोजची सवय इथे मोडा.

निकालाच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत काहीही बदलू नका, दिवाळीची सुट्टी बरी. पहिलं मशीन ग्रंथालयातलं किंवा सगळ्यात कमी गर्दीचं घ्या. त्यावर शाळा सोडल्याचा दाखला छापा, तोच विंडोजच्या मशीनवरून छापा, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. चौकटी आणि ओळी एकमेकींवर बसल्या की दुसरं मशीन घ्या. बसल्या नाहीत तर फॉण्ट आणि समास तपासा, आणि जुळेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.