ड्रमची लाईफ संपली असं मशीन दाखवतंय पण प्रिंट चांगली येतेय, पार्ट नक्की कधी बदलायचा?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड कलर प्रॉडक्शन मशीन घेतलंय, मजेंटाचा, म्हणजे गुलाबी रंगाचा ड्रम (ज्या नळकांड्यावर आधी चित्र तयार होतं) १०३ टक्के दाखवतोय, इंजिनिअर म्हणतोय चारही रंगांचे ड्रम आणि डेव्हलपर (टोनर, म्हणजे रंगाची पावडर, ड्रमवर चढवणारं मिश्रण) एकदमच टाका, आणि प्रिंटमध्ये तर काही खोट दिसत नाही. माझी डिजिटल प्रेस आहे, पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, अल्बम सगळं येतं, त्यावरून सांगतो. चारही लगेच बदलायची गरज नाही, पण सगळंच रामभरोसे सोडायचं असंही नाही.

आधी ते टक्के म्हणजे काय ते बघा. मशीन ड्रमची झीज मोजत नाही, ते फक्त मोजदाद ठेवतं आणि कंपनीने ठरवलेल्या आकड्याला भागून टक्के दाखवतं. बरं ही मोजदाद नुसत्या शीटची नसते, बहुतेक मशीनमध्ये ड्रम किती फिरला ते पण धरतात, आणि रिक्षाचं मीटर जसं सिग्नलला पण पळतं तसं ड्रम शीट नसताना पण फिरतो, वॉर्मअपला फिरतो, कॅलिब्रेशनला फिरतो, प्रत्येक जॉबच्या आधी आणि नंतर फिरतो. म्हणजे दिवसभर एकेक शीटची व्हिजिटिंग कार्डं सोडणाऱ्याचा ड्रम, सलग ५०० शीटचा जॉब काढणाऱ्यापेक्षा लवकर संपणार, शीट तेवढीच निघाली तरी. त्यामुळे छोटे जॉब साठवून एकत्र सोडा, ह्यात एक रुपया खर्च नाही आणि फरक खरंच पडतो. दुसरं म्हणजे कोरलमधून (डिझाईनचं सॉफ्टवेअर) येणारा काळा मजकूर बघा, तो आरजीबीत (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) आला तर चारही रंगांनी छापला जाऊ शकतो, मग चारही युनिट फिरतात आणि क्लिक, म्हणजे शीटमागे कंपनी लावते तो आकार, पण कलरचा पडतो.

डेव्हलपरचं गणित थोडं उलटं आहे. लोकांना वाटतं कमी कव्हरेज, म्हणजे पानावर रंग कमी, तर झीज पण कमी. पण टोनर वापरलाच गेला नाही तर तोच टोनर आत घुसळत राहतो, त्याच्यावरची बारीक पावडर दबते, चार्ज नीट धरत नाही, मग पांढऱ्या जागेवर हलकी झाक यायला लागते. म्हणून मशीन मधूनमधून स्वतःच थोडा टोनर काढून वेस्टच्या डब्यात टाकतं, ते बघून घाबरू नका. आणि रोज फुल कव्हरेजचे अल्बम असतील तर टोनर आत उडतो, युनिटच्या आजूबाजूला रंग साचतो. तेव्हा डेव्हलपर टक्क्यांवर बदलू नका, झाक येतेय का आणि टोनर उडतोय का ते बघा.

माझा स्वतःचा हिशोब असा की ड्रम १०० च्या पुढे चालवायला हरकत नाही, पण स्वस्तातले पार्ट एक दिवस पण लांबवायचे नाहीत. ट्रान्सफर बेल्टचा (चारही रंग घेऊन पेपरवर उतरवणारा पट्टा) क्लिनिंग ब्लेड, फिल्टर, वेस्ट टोनरचा डबा, हे सगळं वेळेवर. ब्लेडची धार गेली की टोनर बेल्टवर राहतो, हळूहळू बेल्ट खराब होतो, आणि बेल्टची किंमत ऐकली की ब्लेड फुकट वाटतो. लोक नेमकं उलट करतात, टक्के बघून ड्रम बदलतात आणि ब्लेड तसाच ठेवतात! पेपर आत ओढणारं पिकअप रबर मात्र बिनधास्त बंद पडेपर्यंत चालवा, पेपर घसरायला लागला की बदला, तोपर्यंत ओल्या कपड्याने पुसून काम भागतं.

आता ड्रम खरंच गेलाय का हे कसं ओळखायचं. बारा-अठरा इंचाच्या शीटवर एकेका रंगाचा साधारण ४० टक्के टिंट (फिकट सपाट रंग) छापा, चार रंगांच्या चार शीट. ठिपका किंवा डाग ठराविक अंतराने परत येतोय का बघा आणि स्टीलच्या पट्टीने अंतर मोजा. जेवढं अंतर तेवढा त्या फिरणाऱ्या पार्टचा घेर, ९४ मिमी आलं तर ३० मिमी व्यासाचा रोलर, १८८ आलं तर ६० चा, कुठला पार्ट त्या मापाचा आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. बेल्टचा घेर शीटपेक्षा मोठा, त्यामुळे बेल्टवरचा डाग एकाच शीटवर परत दिसत नाही, काही शीट सोडून येतो. आणि डाग नसून शीट चालते त्या दिशेने उभी रेघ असेल, तीही एकाच रंगात, तर ज्या मशीनमध्ये ड्रम युनिट सगळ्या रंगांना सारखंच बसतं तिथे मजेंटा आणि सायनची अदलाबदल करा. रेघ सायनमध्ये गेली तर ड्रम युनिट दोषी, मजेंटातच राहिली तर ड्रम निर्दोष, मग डेव्हलपर किंवा लेझरच्या काचेवरची धूळ बघा. ही टेस्ट इंजिनिअरसमोर करा, त्याचाही बोलण्याचा सूर बदलतो.

पावसाळ्यात मात्र आधी पेपरवर संशय घ्या. रिम उघडी राहिली की पेपर दमट होतो, सॉलिड रंगात चट्टे येतात आणि आपण ट्रान्सफर रोलरला शिव्या देतो. नवीन रिम फोडून तेच पान काढा, चट्टे गेले तर पार्टचा काही संबंध नाही. एसी चालू ठेवा आणि उरलेला पेपर गुंडाळून ठेवा.

फ्युजरबद्दल (टोनर गरम करून पेपरवर पक्का करणारा भाग) एवढंच की सतत एकाच मापाचा जाड पेपर चालवला की त्याच्या कडेची खूण फ्युजरच्या बेल्टवर उमटते, मग रुंद शीटवर सॉलिड छापलं की चकाकीत रेघ दिसते. म्हणून फ्युजर नवा असताना रुंद मापाचे अल्बम काढून घ्या, अरुंद मापाची कामं नंतर.

सेकंडहँड मशीन आहे म्हणून एक आठवण. पार्ट्स काउंटरची लिस्ट प्रिंट करून टोटल मीटरशी (मशीनने एकूण छापलेल्या पानांचा आकडा) ताडून बघा, मीटर २० लाख आणि बेल्ट ५ टक्के असेल तर बेल्ट बदलल्याचं बिल मागा, नुसता काउंटर रिसेट केलेला असू शकतो. आणि भिंतीवर एक कागद लावा, पार्ट, तारीख, मीटर. समजा २०,००० चा ड्रम १ लाख शीट चालला तर शीटमागे २० पैसे, ८०,००० शीटलाच गेला तर २५. कंपनीच्या आकड्यापेक्षा हा तुमचा आकडा खरा, रेट पण ह्यावरच काढा.

तर तुमच्यासाठी, मजेंटा चालू दे, पण एक नवा ड्रम आणून कपाटात ठेवा, लग्नसराईत मशीन अडलं तर कोणी उभं करत नाही. इंजिनिअरला ब्लेड आणि फिल्टर बघायला सांगा. पार्ट धरून क्लिक रेटवर करार असेल तर हा सगळा विचार सर्व्हिसवाल्यांनी करायचा, तुम्ही फक्त कॉल लॉग करा.