नातीचा बाप्तिस्मा आणि आजी-आजोबांची भीती

प्रश्न : नमस्कार ताई. मी मूळची सांगलीची, लग्नानंतर आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ राहते. नवरा आयरिश, कॅथलिक घरातला. आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. सासूबाईंना तिचा बाप्तिस्मा लवकरात लवकर व्हायला हवा आहे. नवरा म्हणतो, "आईचं मन राखू, एका रविवारचा तर कार्यक्रम." माझे आईबाबा पुढच्या महिन्यात येतायत. बाबांनी फोनवर एकच विचारलं, "म्हणजे नात बाटवणार?" आई त्यांना समजावते, "अहो, त्यांचं बारसंच ते." मी देव मानते, पण ख्रिस्ती नाही आणि मला व्हायचंही नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी चर्चमध्ये नेमकं काय होतं, हेच मला माहीत नाही. काय करू?

उत्तर : शेवटचं जे लिहिलंत, तिथूनच सुरुवात करू. मी वसईच्या कॅथलिक घरात वाढले. हा संस्कार माझ्या श्रद्धेचा आहे, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. पण तुम्ही तो करावाच म्हणून हे लिहीत नाही. कळून करा, किंवा कळून नाही म्हणा. न कळता, कुणाचं मन राखायला म्हणून करू नका.

तुमच्या आई घर सांभाळून घ्यायला 'बारसंच ते' म्हणतायत, हे कळतं मला. पण ते बारसं नाही. नाव विचारतात, तेही अगदी सुरुवातीला, चर्चच्या दाराशी. फादर विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत? आणि लगेच दुसरा प्रश्न : देवाच्या चर्चकडे या बाळासाठी काय मागता? आईबाप म्हणतात, बाप्तिस्मा. मग फादर बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करतात, त्यांच्यामागून आईबाप आणि धर्ममातापिताही (गॉडपेरेंट्स) करतात.

त्या दिवशी पाण्यावर जी प्रार्थना म्हणतात, ती लक्ष देऊन ऐका. सृष्टीच्या आरंभीचं पाणी, नोहाच्या काळचा जलप्रलय, तांबडा समुद्र ओलांडून गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक, यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेणारा येशू, आणि क्रूसावर त्याच्या कुशीतून वाहिलेलं रक्त आणि पाणी, हे सगळं तिच्यात ओळीने येतं. हे पाणी बुडवतंही आणि तारतंही. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या ६व्या अध्यायात हेच सांगितलंय : बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर मरतो, पुरला जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठतो. डोक्यावरून तीनदा ओतलेल्या ओंजळभर पाण्यात एवढा अर्थ आहे. म्हणून 'एका रविवारचा कार्यक्रम' हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त खटकलं. तुमच्या बाबांची भीती निदान त्या संस्काराला काहीतरी वजन देते.

पाणी ओतण्याआधी सैतानाला आणि त्याच्या कर्मांना नाकारता का, असं विचारतात. मग पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, असं विचारतात. उत्तरं आईबाप आणि धर्ममातापिता देतात. नंतर टाळूला ख्रिस्म लावतात. हे सुगंधी तेल ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेलं असतं. पांढरं वस्त्र घालतात. आयर्लंडमध्ये ते बहुतेकदा घराण्यातून चालत आलेलं, पायांच्या कितीतरी खाली लोंबणारं असतं. शेवटी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवून देतात. पुनरुत्थानाचा तो उजेड तिच्यासाठी जपण्याची जबाबदारी आता मोठ्यांची.

तुमचे बाबा हमखास विचारतील, पाच महिन्यांच्या लेकराने काय पाप केलंय? काहीही नाही, आणि चर्चही तसं म्हणत नाही. आदिपाप म्हणजे बाळाच्या हातून घडलेली चूक नव्हे. माणूस देवापासून दुरावलेल्या अवस्थेत जन्माला येतो, त्या अवस्थेचं ते नाव. बाबांना ते पूर्वजन्मीच्या संचितासारखं वाटेल, पण तसंही नाही. इथे मागचा जन्म नाही आणि कुणाचा वैयक्तिक हिशेबही नाही. या संस्कारात देव आधी हात पुढे करतो, माणूस नंतर. काही न कमावलेल्या, काही न समजणाऱ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात तो याच विश्वासावर. सगळे ख्रिस्ती हे मानत नाहीत. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळी माणूस कळता होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत थांबतात आणि मग पूर्ण पाण्यात बुडवतात. कॅथलिकांच्या शिकवणीत एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते : जिवावरचा प्रसंग असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. स्वतः बाप्तिस्मा न घेतलेली एखादी हिंदू नर्ससुद्धा. चर्चच्या मनात जे आहे तेच करायचा हेतू हवा, पाणी हवं आणि ते ठरलेले शब्द हवेत. देणारा देव आहे ही श्रद्धा इथे किती टोकापर्यंत नेली आहे, ते बघा.

आता भीतीकडे येते, कारण तुमच्या घरात दोन भीती समोरासमोर येणार आहेत.

'बाटवणे' हा शब्द बाबांच्या तोंडी उगाच आलेला नाही. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. १६व्या शतकात अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याचा पोर्तुगीज हुकूम गोव्यात होता. ते झालं, आणि ते वाईट झालं. चर्चचा आजचा नियम असा आहे की आईबापांपैकी निदान एकाची संमती आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल याची रास्त आशा, या दोन्हींशिवाय फादरांनी बाळाला बाप्तिस्मा देऊ नये. बाबांना हे सांगा, पण त्यांच्या शब्दावर चिडू नका.

सासूबाईंच्या आग्रहामागे काय आहे, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत 'किलीनी' नावाच्या जागा आहेत. बाप्तिस्म्याआधीच दगावलेली बाळं तिथे पुरायचे, कारण त्यांना दफनभूमीच्या पवित्र मातीत जागा नव्हती. बाप रात्री अंधारात जाऊन पुरून यायचा, बऱ्याचदा आईला जागासुद्धा ठाऊक नसायची. अगदी २०व्या शतकापर्यंत हे चाललं. अशी बाळं 'लिंबो'त, म्हणजे स्वर्गाच्या बाहेर कुठेतरी अडकून राहतात, अशी समजूत होती. ती चर्चची बंधनकारक शिकवण कधीच नव्हती. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने सविस्तर लिहिलं की बाप्तिस्मा न झालेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. पण आजीच्या पोटातला गोळा अशा कागदाने विरघळत नाही. सासूबाईंना एकदा चहाला बोलवा आणि त्यांच्या आईच्या काळी कसं होतं ते विचारा. ऐकून घ्या. त्यांची घाई हट्टातून आलेली नाही, हे तुमच्या लक्षात येईल. तुमची लेक आज, या क्षणीही देवाच्या हातात आहे, हे त्यांना त्यांच्याच धर्माच्या आधाराने सांगता येतं. ते तुमच्या यजमानांनी सांगावं.

दोन्ही भीती बाजूला ठेवल्या की उरतो तो खरा प्रश्न : ही मुलगी येशू ख्रिस्ताच्या श्रद्धेत वाढावी असं तुमच्या यजमानांना मनापासून वाटतं का? बाप्तिस्मा मागणं म्हणजे नेमकं हेच कबूल करणं. वाटत असेल तर रविवारी चर्चला तिला कोण नेणार, प्रार्थना कोण शिकवणार, सात-आठ वर्षांची झाल्यावर पहिल्या ख्रिस्तशरीराची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी कोण करून घेणार? घरात गणपती बसणार का आणि मुलगी आरतीला उभी राहणार का? दोन्ही नीट चाललेली घरं मी पाहिली आहेत. धुसफूस होते ती आधी बोलणं न झालेल्या घरांत. हेही माहीत असू द्या की कॅथलिक श्रद्धेत बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही. लेक मोठेपणी काहीही मानो, ती खूण तिच्यावर राहते असं चर्च मानतं.

ते पाणी डोक्यावर पडलं की सगळं आपोआप झालं, असंही समजू नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, लहानग्या मनोरमेसह. त्यांनी स्वतःच पुढे लिहिलंय की ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त आपल्याला सापडला नव्हता, हे उमगायला आठ वर्षं गेली.

तुमच्यापुरतं सांगते. जे मानत नाही ते तोंडाने म्हणायची गरज नाही. बालकांच्या बाप्तिस्म्याच्या विधीतच लिहिलंय की आईबापांपैकी जो श्रद्धेचा कबुलीजबाब देऊ शकत नाही, त्याने गप्प राहिलं तरी चालतं. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की मुलीला त्या श्रद्धेत वाढू द्याल. एवढं मनापासून देता येत असेल तर बाळाला घेऊन सन्मानाने उभ्या राहा. नसेल देता येत, तर आत्ताच सांगा. फादरांना आधी भेटा आणि तुम्ही हिंदू आहात हे उघडपणे सांगा. त्यांना त्याचं नवल वाटणार नाही.

तुम्हाला भाऊ असेल आणि त्याला धर्मपिता करावं असं मनात आलं, तर ते होऊ शकत नाही. त्यासाठी दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेली, साधारण १६ वर्षांवरची कॅथलिक व्यक्ती लागते, आणि अशी एक व्यक्ती पुरते. मामा म्हणून त्याने जवळ उभं राहायला कुणाची हरकत नसते. शाळेच्या प्रवेशासाठी करून टाका असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०१८च्या कायद्यानंतर तिथल्या कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेशात बाप्तिस्म्यावरून डावंउजवं करता येत नाही. आणि कुणी प्रेमापोटी, तुम्हाला न सांगता, स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाळाच्या डोक्यावर पाणी घालायचा विचार करत असेल, तर तो बाळाच्या आईबापांचा विश्वासघात आहे. हे सासूबाईंशी प्रेमाने पण स्पष्ट बोलावं लागेल.

दोघांचं अजून ठरत नसेल तर थांबा. दार बंद होत नाही. शाळेत जायच्या वयातली मुलं स्वतः समजून, शिकून बाप्तिस्मा घेतात, मोठी माणसं ईस्टरच्या आदल्या रात्री घेतात. आईबाबा येण्याआधी तुम्ही दोघं एकदा निवांत बसा. आणि "अजून ठरलेलं नाही" हे सासूबाईंना तुमच्या यजमानांनी स्वतः जाऊन सांगावं. सुनेच्या तोंडून तो निरोप जाऊ नये.