पोलंडमधल्या क्राकुफला शनिवार-रविवारात आउशविट्झ (नाझींची छळछावणी) आणि विलिचकाची मिठाची खाण, दोन्ही होईल का?

होईल, पण शहर राहून जाईल. एकच निवडा, माझं मत आउशविट्झला. जाऊन-येऊन तीन तास, आत साडेतीन. वेळेचा पास नावानिशी असतो, तो आधीच ऑनलाइन काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी बॅग आत सोडत नाहीत. खाणीत सुमारे ८०० पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर ती सोडाच.

वावेल, म्हणजे किल्ला आणि कॅथीड्रल असलेली टेकडी, शनिवारी करा. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने तिथलं कॅथीड्रल पर्यटकांना दुपारीच उघडतं. किल्ला आणि कॅथीड्रलची तिकिटं वेगळी. बहुतेक रविवारी सुपरमार्केट बंद असतात, म्हणून खाणं-पाणी आदल्या दिवशीच घ्या. ट्रामचं कागदी तिकीट चढताच यंत्रात पंच करा, नुसतं खिशात असलं तरी दंड होतो.