६ इंची बॅटमॅनशेजारी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ठेवायचा आहे. बैल किती उंच हवा?

साधारण ११ सेंटीमीटरचा बैल शोभेल. ६ इंची फिगर बहुतेक वेळा १:१२ प्रमाणात असते, म्हणजे ६ फुटी माणूस ६ इंचांचा होतो. बैलालाही तोच हिशोब: गोठ्यातल्या बैलाची वशिंडामागची उंची टेपने मोजा आणि १२ ने भागा. १३२ सेंमी भरली तर ११. फिगर पावणेचार इंची असेल तर १८ ने भागा. लाकडी बैल खुरापासून मोजा, चाकांची पाटी धरू नका. पुष्कळदा घोळ तिथेच होतो. बॅटमॅनही डोक्यापर्यंतच मोजा, कान सोडून. कॉमिक्समध्ये त्याची उंची ६ फूट २ इंच धरतात, म्हणजे फिगर १५.७ सेंमीच्या आसपास हवी. मात्र खोक्यावरचे '६ इंच' हे ढोबळ माप असते, म्हणून आधी तुमची फिगर मोजा. दीडेक सेंमीचा फरक निघाला तर बैलही त्याच पटीत लहान-मोठा घ्या. आणि बैल रंगवून उरलेला ऑइल पेंट फिगरला लावू नका, मऊ पीव्हीसीवर तो महिनोन्‌महिने चिकट राहू शकतो. अ‍ॅक्रिलिकचे पातळ हात द्या.