तिवर, कांदळ आणि खारफुटी

प्रश्न असा आहे : मुंबईच्या बातम्यांत खाडीकाठच्या एकाच झाडीला कधी तिवर, कधी खारफुटी, कधी कांदळवन म्हणतात. बरोबर कोणतं?

खारफुटी हा गटाचा शब्द. भरतीचं खारं पाणी सोसणारी निरनिराळ्या कुळांची झाडं त्यात येतात. तिवर हे मात्र त्यातलं एक झाड, शास्त्रीय नाव अ‍ॅव्हिसेनिया (इब्न सीना या वैद्याच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दिलेलं). ओहोटीला चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी त्याची श्वसनमुळं वर आलेली दिसतात. पान खालून पांढुरकं असतं आणि त्यावर मीठ साचतं. जिभेला लावलं तर खारट लागतं. ही दोन लक्षणं पाहिली की तिवर ओळखायला पुस्तक लागत नाही.

कांदळ त्याहून पार वेगळं. बुंध्यातून कमानीसारखी आधारमुळं फुटून चिखलात रुततात. बी झाडावर असतानाच रुजतं आणि हिरव्या शेंगेसारखे लांब कोंब फांदीला लोंबत राहतात. याच झाडावरून कांदळवन शब्द आला आणि 2012 साली राज्याच्या वनखात्याने कांदळवन कक्ष स्थापन केल्यावर तो सगळ्या खारफुटीसाठी रूढ झाला. सरकारी कागदात तो असू द्या. पण मुंबईत सगळ्यात जास्त आहे ते तिवरच, त्यामुळे विक्रोळीच्या किंवा शिवडीच्या झाडीला कांदळवन म्हटलं की ऐकणाऱ्यासमोर भलतंच झाड उभं राहतं, हे मला खटकतं.

खाडीकाठची माणसं सरसकट 'तिवरं' म्हणतात. ती बोली आहे, तिला चूक ठरवू नये. जे डोळ्यांसमोर सर्वाधिक, त्याचंच नाव साऱ्यांना मिळालं.

तेव्हा लिहिताना मोघम बोलायचं असेल तर खारफुटी लिहा. झाड ओळखलं असेल तर मात्र त्याचं नाव जरूर द्या, कारण ही नावं वापरात राहिली तरच टिकतील. फुलाच्या तळाशी राहिलेल्या चांदणीसारख्या हिरव्या कोशावर गोल फळ बसलेलं दिसलं तर ती चिप्पी. तिच्यातली पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. आणि काटेरी कडांच्या पानांचं, निळसर जांभळ्या फुलांचं झुडूप दिसलं, तर ती मारांडी.